फोटोपुरता फोन

वसंतराव पुराणिक वकील होते. अकोल्याच्या दिवाणी कोर्टात उभी हयात काढल्यामुळे कुठल्याही गोष्टीच्या दोन्ही बाजू त्यांना लख्ख दिसायच्या. हा गुण अशिलांच्या कामी आला असेल-नसेल, त्यांच्या स्वतःच्या कामी कधीच आला नाही. भाजीबाजारात दोन वांगी हातात घेतली की ते दोघांच्याही वतीनं मनात युक्तिवाद करत, आणि शेवटी भेंडी घेऊन घरी येत.

अशा माणसावर फोन निवडायची पाळी आली.

त्याचं कारण असं, की पत्नी रागिणी गेल्यापासून ते जठारपेठेतल्या घरात एकटेच होते आणि हैदराबादला असलेली मुलगी चारुता त्यांच्या मागे लागली होती. "बाबा, कुणाची तरी सोबत बघा," म्हणता म्हणता तिनं एक स्थळच काढलं. अमरावतीच्या प्रमोदिनी धर्माधिकारी. कॉलेजातल्या ग्रंथपालपदावरून निवृत्त, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. बाईंनी एकदा भेटायला हरकत नाही म्हटलं होतं. फक्त आधी फोटो पाठवा, एवढंच.

वसंतरावांनी आपल्या जुन्या फोनवर स्वतःचा फोटो काढला. काचेला तडा गेलेला होता. फोटो पोलिसांनी ओळखपरेडीसाठी काढल्यासारखा आला.

"हा मी पाठवणार नाही," चारुता फोनवर म्हणाली. "दहा-बारा हजारांत चांगला फोन मिळतो, बाबा. घेऊन टाका."

घेऊन टाका! वसंतरावांनी आजवर काहीही घेऊन टाकलं नव्हतं. त्यांनी रोज सकाळी यूट्यूबवर फोनची परीक्षणं बघायला सुरुवात केली आणि संध्याकाळी ओट्यावर येऊन बसणाऱ्या धर्मपालपुढे त्यांच्या दोन्ही बाजू मांडायला. धर्मपाल त्यांचा शाळासोबती, एसटीतून निवृत्त झालेला.

"याची रॅम आठ म्हणतात," वसंतराव सांगत, "पण त्यातली चार खरी. बाकीची स्टोरेजमधून उसनी घेतलेली."

"अन् मांगं हे तीन डोळे कायचे?"

"एक कामाचा. दुसरा नुसता नावाला. तिसऱ्यात तर मला वाटतं, काहीच नाही."

"म्हंजे आपल्या कॉलनीच्या कमिटीवानी," धर्मपाल म्हणाला.

मग बॅटरीचा मुद्दा निघे. बॅटरी मोठी असेल तर फोन जड. फोन हलका असेल तर पाठ प्लॅस्टिकची. पाठ चांगली असेल तर डब्यात चार्जर नाही. एकाचा पडदा सुरेख, पण फोन उघडला की आधी कर्जाच्या जाहिराती. एका फोनला अँड्रॉइडचे नवे अपडेट किती वर्षं मिळणार, यावर वसंतरावांनी दोन संध्याकाळी घालवल्या. आपल्याला स्वतःला किती वर्षं अपडेट मिळणार, हा विचार मधेच त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो तहकूब ठेवला.

"वकीलसाहेब," धर्मपाल शेवटी वैतागला, "तुमी फोन घेऊन राहिले का वावर? सातबारा काढता का त्याचा?"

थंडी सरली. चारुतानं फोन करून विचारलं, "बाबा, त्या बाईंना काय सांगू? की वडील अजून प्रोसेसरवर अडले आहेत?"

वसंतरावांना लाज वाटली. स्वतःच्याच कोर्टात आपण स्वतःलाच पुढची तारीख देत सुटलो आहोत, आणि त्याचं कारण फोन नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. या वयात एका बाईसमोर जाऊन बसणं अवघड होतं. रॅमवर बोलणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. काउंटरवर रश्मी नावाची मुलगी होती. वसंतरावांनी घसा खाकरून प्रोसेसरपासून सुरुवात केली. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, फोन कशासाठी पाहिजे पण?"

साक्षीदारांना आयुष्यभर असे सरळ प्रश्न विचारणारे वसंतराव आज स्वतःच पिंजऱ्यात सापडले. "फोटोसाठी," ते म्हणाले.

"कशाच्या?"

"माझ्या."

रश्मी हसली नाही, हे तिचे उपकार. तिनं मांडलेला एक फोन उचलून त्यांच्यावर रोखला आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला. पडद्यावर एक गुळगुळीत गृहस्थ होते. डोळ्यांखालच्या पिशव्या नाहीत, कपाळावर आठी नाही, कातडी लोण्यासारखी. वसंतरावांच्या भावाला मुलगा असता तर तो असा दिसला असता.

"हाच द्या," वसंतराव म्हणाले. किती महिन्यांचा अभ्यास होता, पण रॅम विचारायचीही शुद्ध राहिली नाही.

तोच फोटो अमरावतीला गेला. हा पुरावा बनावट आहे हे त्यांना कळत होतं, पण कॅमेऱ्यानं आपणहून केलंय, आपण कुठं काय केलं, असा बचाव त्यांनी तयार ठेवला. तिकडूनही फोटो आला. प्रमोदिनीबाई इतक्या तजेलदार होत्या, की वसंतरावांनी धास्तावून मिशीला कलप लावला.

भेट ठरली अमरावतीत, राजकमल चौकाजवळच्या एका हॉटेलात. वसंतराव वेळेआधी पोचले आणि दाराकडे तोंड करून बसले. शेजारच्या टेबलावर एक जाडसर चष्म्याच्या, पांढऱ्या केसांच्या बाई ताक पीत बसल्या होत्या. त्यांचंही लक्ष दाराकडे होतं. वेळ झाली, टळली. फोटोतल्या बाई येईनात. वसंतरावांना वाटलं, बरोबरच आहे, त्यांनी दारातूनच आपल्याला पाहिलं असेल आणि परत गेल्या असतील. शेवटी त्यांनी धीर करून नंबर लावला.

शेजारच्या टेबलावरचा फोन वाजला.

बाईंनी तो उचलला, कानाला लावला. "हॅलो?" हा आवाज वसंतरावांना फोनमधूनही ऐकू आला आणि शेजारूनही.

"अगं बाई," त्या त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही आहात होय! मी तर केव्हाची त्या तरुण माणसाची वाट बघून राहिले."

वसंतरावांचे कान तापले. बचाव आठवेना. तेवढ्यात त्यांची नजर बाईंच्या हातातल्या फोनवर गेली. तोच फोन. रंगसुद्धा तोच.

"तुमचाही...?"

"माझा तर गालावरचा तीळ खाल्ला मेल्यानं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि इतक्या जोरात हसल्या, की वेटर पाणी घेऊन धावत आला. "तुमचा फोटो पाहून मी नकार कळवणार होते. म्हटलं, एवढ्या तरतरीत माणसाच्या मागं कोण धावणार? माझे गुडघे ऐकत नाहीत."

"माझा उजवा कान गेलाय," वसंतराव उत्साहानं म्हणाले. "आणि साखर आहे."

"मला रात्री घोरायची सवय आहे, असं मुलगा म्हणतो."

"मग मी डाव्या कुशीवर झोपेन. चांगला कान उशीत गेला की प्रश्न मिटला," वसंतराव बोलून गेले, आणि काय बोललो हे उमजून टेबलाकडे बघत बसले. कलप लावलेल्या मिशीखाली चेहरा लालबुंद झाला असणार.

बाईंनी ते ऐकलंच नसल्यासारखं करून दोन डोसे मागवले.

निघताना त्या म्हणाल्या, "आज मी काही सांगत नाही. एकदा घर बघून जाईन तुमचं. पण कधी येईन ते कळवणार नाही. नाहीतर तुम्ही घरालाही फोटोसारखं करून ठेवाल."

वसंतरावांनी तरीही चार दिवस रोज घर झाडलं. पाचव्या दिवशी कंटाळले. त्यानंतरच्या एका दुपारी ते बनियनवर स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभे राहून कालचं गार पिठलं कढईतूनच खात होते, तेव्हा दार वाजलं. धर्मपाल असेल असं समजून त्यांनी कढईसकट दार उघडलं.

दारात प्रमोदिनीबाई होत्या, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मिटलेली छत्री. त्यांनी बनियन पाहिलं, मिशीच्या मुळाशी डोकावणारा पांढरा पट्टा पाहिला, मग कढईत वाकून पाहिलं.

वसंतरावांच्या तोंडात घास होता. काही युक्तिवाद करणं शक्य नव्हतं.

"भाकरी आहे का याच्यासोबत?" चपला काढत त्यांनी विचारलं. "मले लय भूक लागली."