बोटभर फट

“आणखी किती दिवस हा वाळूचा खेळ?” दारातच बापाने विचारलं. “तीन महिने झाले, पोरीच्या तोंडून शब्द नाही. पालथ्या घड्यावर पाणी आहे ताई हे. आज शेवटचं.”

दुखावलेल्या मुलांना खेळातून बोलतं करायचं, हे ताईंचं काम. दवाखान्यातली मुलं त्यांना खेळताईच म्हणत. “बोलतेय हो ती,” त्या हळूच म्हणाल्या. “फक्त हातांनी.”

“मला तिचा आवाज हवाय, ताई. तिची आई गेली आणि घर नुसतं खायला उठतं.”

पोर सहा वर्षांची. दर मंगळवारी ती फळीवरची आई-बाहुली उचलायची, वाळूच्या पेटीत पुरायची आणि वरून थोपटत बसायची. थोपटता थोपटता तास सरायचा.

आजही सरला. बाप तिला घेऊन बाहेर पडला आणि मावशी बादली घेऊन आत आली. खोली झाडायची, खेळणी धुऊन जागच्या जागी लावायची. बावीस वर्षं तिचं हेच काम. येणाऱ्या प्रत्येक मुलाला खोली जशीच्या तशी दिसली पाहिजे, हा इथला नियम.

“चला टग्यांनो, आंघोळीला! काय हवालदार, चोर कपाटाखाली अन् तुम्ही खुशाल आडवे?” बडबडत तिने वाळूत हात घातला, बाहुली उपसली, झटकली.

दार ढकललं गेलं. विसरलेली टोपी न्यायला आलेली पोर उंबऱ्यात उभी. मागे बाप आणि ताई.

मावशीचा हात थिजला. बावीस वर्षांत एकाही मुलाने तिला मांडलेला खेळ मोडताना पाहिलं नव्हतं.

“डोळे पूस तिचे,” पोर म्हणाली. आवाज गंजल्या कडीसारखा. “वाळू गेली असेल.”

मावशीने ओल्या फडक्याने पुसले. एक डोळा, मग दुसरा.

“बाबा, तू म्हणालास आई गावाला गेली. मी आत्याच्या खांद्यावरून पाहिलं. सगळ्यांनी तिच्यावर माती टाकली. तू पण.”

“तू… झोपली होतीस ना गं?”

“नव्हते.”

बापाने ताईंकडे पाहिलं. त्यांनी नजरेनेच पोरीकडे खुणावलं.

“आई येणार नाही, चिमणे,” तो म्हणाला आणि भिंतीला धरून खालीच बसला.

पोरीने बाहुली वाळूत निजवली. गळ्यापर्यंत वाळू ओढली. चेहरा उघडा ठेवला.

“मंगळवारी आणतो,” जाताना बाप एवढंच बोलला.

पुढचं मूल बाहेर येऊन बसलं होतं. मावशीने सगळी खेळणी लावली. फळीवर आईची जागा तेवढी मोकळी राहिली. वाळूच्या पेटीवर झाकण सरकवताना तिने बोटभर फट ठेवली.