बंद झाकणाचा फोटो

चंद्रभागाबाईच्या तोंडाला लागायचं म्हणजे वारंगा फाट्यावरचे जीपवालेसुद्धा दहादा विचार करत. शाळेत ती दुसरीपर्यंतच गेली, पण बोलण्यात तिनं कधी कुणाला वरचढ होऊ दिलं नाही. नवऱ्यामागं मेंढरं राखून दोन लेकरं वाढवली आणि निम्मा कळप मोडून थोरल्या परमेश्वरला फाट्यावर फोटोचं दुकान टाकून दिलं. दोन हजार सहाच्या दिवाळीत त्यानं नांदेडहून जुना डिजिटल कॅमेरा आणला. रीळ नको, धुणं नको. बटण दाबलं की चेहरा कॉम्प्युटरवर हजर.

पुढल्या माघात त्याच कॅमेऱ्यानं धाकट्या रागिणीचा फोटो काढला. हट्टा गावच्या पद्माबाईचा शिवप्रसाद मास्तर झाला होता आणि सोयरीक जुळवणाऱ्या रामकिशनमामानं पोरीचा फोटो मागितला होता. रागिणीनं शिवप्रसादला वसमतच्या एका लग्नात पंगत वाढताना पाहिलेलं. तेव्हापासून ती मेंढरांच्या वाड्यातल्या लेंड्या झाडतानासुद्धा गुणगुणायची. आईला ऐकू यायचं. आई ऐकलं न ऐकलं करायची.

आठ दिवसांनी रामकिशनमामा तोच फोटो घेऊन परत आला. चहा पुढं ठेवला तरी कपाला हात लावेना.

"बाई, राग धरू नका. ते इचारून राहिले, पोरीला कोड हाय का म्हून."

"कोड? माझ्या पोरीचं आंग म्हंजे घासलेलं पितळ. कोणाला दिसलं?"

"मला बी दिसलं. पाहा तुमीच."

चंद्रभागाबाईनं फोटो उजेडात धरला. डाव्या गालावर, डोळ्याच्या खाली, तिळाएवढा पांढरा ठिपका.

ती फोटो घेऊन तडक दुकानात गेली. "परमेश्वरा, बहिणीचा फोटो काढला का तिला पिठाच्या गिरणीत बसवली होती?"

परमेश्वरनं ठिपका पाहिला, डोकं खाजवलं. "काचंवर धूळ बसली आसंल, आई."

"मंग पुस की."

"फोटोतला तर आत्ताच पुसतो." त्यानं कॉम्प्युटरवर दोनदा खटखट केलं. शेजारची कातडी उचलून ठिपक्यावर बसवावी तसं काहीतरी केलं, आणि डाग गेला.

"आस्सं. हा धाड," ती म्हणाली. कुणाला काही सांगायचं, समजवायचं, हे तिच्या मनातच आलं नाही. चूक दुरुस्त झाली, विषय संपला. चूक झाली होती असं हट्ट्याच्या लोकांपुढं कबूल करायला तिची मान तयार नव्हती.

पहिल्या वेळी फोटोच्या दोन प्रती गेल्या होत्या; मामानं एकच परत आणली, दुसरी हट्ट्यालाच राहिली होती. पद्माबाईनं दोन्ही शेजारी ठेवले. तीच साडी, तेच डूल, तेच हसू. एकीच्या गालावर डाग, दुसरीच्या नाही. तिनं निरोप धाडला: लपवायचं काही नसतं तर पुसलं काहून?

तेव्हा कुठं परमेश्वर खरोखर कामाला लागला. भिंग मऊ कपड्यानं पुसलं, ठिपका तिथंच. कळमनुरीच्या दोस्ताचं भिंग आणून लावलं, तिथंच. कार्ड बदललं, तिथंच. मग त्यानं जुने फोटो उघडले. रेशनकार्डासाठी आलेला म्हातारा, पोलीसभरतीचा उमेदवार, अंगणवाडीची बाई. पठ्ठ्या सगळ्यांना एकाच पाटावर बसवायचा, एकाच जागेवरून काढायचा. सगळ्यांच्या डाव्या गालावर तो ठिपका. लग्नाच्या फोटोंतही होता, पण तिथं तो अक्षता म्हणून खपून गेला होता.

शेवटी त्यानं भिंगावर झाकण लावलं आणि बटण दाबलं.

"झाकण लावून फोटो काढतो?" चंद्रभागाबाई म्हणाली. "उद्या गिऱ्हाइकाला बी पोत्यात घाल अन काढ."

"थांब तर."

कॉम्प्युटरवर काळाकुट्ट चौकोन आला. ना माणूस, ना भिंत, ना उजेड. आणि त्यात, जिथं गाल असता तिथं, पांढरा ठिपका.

परमेश्वरनं नांदेडच्या मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री म्हणाला, आतला सेन्सर बिघडला. म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्यातला पडदा. तेवढी जागा आता कायम पेटलेली राहणार. पुसून जात नाही, अख्खा पडदा बदलावा लागतो, पुण्याला पाठवा.

"म्हंजे फूल पडलंय त्याच्या डोळ्यात," चंद्रभागाबाई म्हणाली. "रोग मशीनला अन नाव माझ्या पोरीचं." पण तिच्या तोंडावर उजेड आला होता. "हा काळा फोटो छापून दे. त्या म्हाताऱ्याचा, पोलिसाचा, बाईचा, समद्यांचे दे."

पोरीच्या आईनं आपण होऊन पोराच्या दारी जायचं नसतं. ती गेली. वसमतला गाडी बदलली, पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

पद्माबाईनं पाणी दिलं, गूळ दिला. "बसा, बाई," म्हणाली. विहीणबाई म्हणाली नाही.

चंद्रभागाबाईनं सतरंजीवर फोटो मांडले. "पाहा. हा म्हातारा, हा पोलीस, ही अंगणवाडीची. समद्यायला एकाच जाग्यावर कोड उठलं काय? अन हा पाहा, ह्यात तर माणूसच न्हाई. डाग मशीनचा हाय."

पद्माबाईनं एकेक फोटो हातात घेतला. काळा फोटो उलटा करून पाहिला, परत सुलटा केला. तिच्या आवाजात कुचकेपणा नव्हता; असता तर चंद्रभागाबाईला सोपं गेलं असतं.

"बाई, तुमच्या पोरानं पहिल्या फोटोतला डाग काढला न्हवं?"

"व्हय, म्या काढाया लावला."

"काढाया किती येळ लागला?"

"चहा निवत न्हाई तवर."

"मंग घालाया कितीक लागंल?"

चंद्रभागाबाईनं काळा फोटो बाजूला सारला.

"पोरगी येऊन पाहा की," ती म्हणाली. आवाज विनवणीचा निघाला, आणि तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"पोहे खाऊन न्हाई म्हणायचं, ते आमच्यानं व्हणार न्हाई. अन तोंडाला पावडर लागती, बाई. आंगावरचं कोण पाहातं? तुमची पोरगी लाखाची आसंल. पण माझ्या मनात आता किडा शिरला. तुमी आसत्या तर काय केलं आसतं?"

हेच केलं असतं. ते चंद्रभागाबाईला ठाऊक होतं, म्हणून ती उठली. फोटो गोळा करताना काळा फोटो तिथंच राहिला. पद्माबाईनं तो दारापर्यंत आणून दिला.

घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. परमेश्वर दुकानातून लवकर आला होता, त्यानं आईच्या हातातली पिशवी घेतली. रागिणी अंगणात पाठमोरी बसली होती, हातात दाढीचा आरसा. गालाची कातडी दोन बोटांनी ताणून उन्हाकडं धरत होती.

"काय करून राहिली गं?"

"काई न्हाई." मग आरसा खाली न ठेवता: "आई, हितं जरा उजळ हाय का? खरं सांग."

"येडी का खुळी तू? त्यो डाग मशीनचा हाय, तुझ्या भावानं झाकण लावून—"

"ठाव हाय मला. तरी पाहा ना."

पोरगी गाल पुढं करून बसली. चंद्रभागाबाईला शिवी द्यायची होती, मशीनला, पद्माबाईला, आरशाला. तिनं पोरीची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं वळवलं आणि पदराचं टोक ओलं करून गाल पुसला.

मग ती खाली वाकली आणि डोळे बारीक करून पाहू लागली.