ओयीच्या खोलीतली मोरी

"ही मोरी आधी बुजवा," इल्होम म्हणाला. "मग सगळीकडे एकसारखं लॅमिनेट टाका. कुठे ठिगळ दिसता कामा नये."

फरशीवाले नारझुल्लो उस्तो कोपऱ्यातल्या दगडापाशी उकिडवे बसले. मधोमध भोक असलेला असा दगड त्यांनी बुखाऱ्याच्या जुन्या घरांत पुष्कळ पाहिला होता. त्यांनी मुनीसाकडे पाहिलं.

"अका, मोरी राहू दे," मुनीसा भावाला म्हणाली.

"का?"

आई, म्हणजे त्यांची ओयी, आजारी असताना खरं कारण तोंडातून काढायचं कसं? याच दगडाशी आजीला शेवटची आंघोळ घातली होती, मग वडिलांना. पाणी आपल्याच घराखालच्या मातीत जिरलं होतं. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या शराफत खाला गेल्या. त्यांच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत चकचकीत जमीन, मोरी कुठेच नाही, त्यामुळे त्यांना गॅरेजमध्ये चादरी बांधून न्हाऊ घातलं. ओयी तिथून घरी आली. जेवताना एवढंच म्हणाली, "वाऱ्यानं चादर सारखी उडत होती गं."

आणि आता ओयीचीच पाळी होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं होतं, आता आमच्या हातात काही नाही, घरी न्या. इल्होमने त्यातलं 'घरी न्या' तेवढं ऐकलं आणि फरशीवाल्याला बोलावलं.

"तिचे गुडघे बघ," तो म्हणाला. "ही विटांची जमीन बर्फासारखी गार. लाकडावर कशी अनवाणी हिंडेल. तुला जुन्याचं कौतुक, पुस्तकं वाचून वाचून. राहायचं तिला आहे."

"मग तिलाच विचार."

"आजारी माणसाला काय फरशी विचारू?"

"विचार की," दारातून आवाज आला. ओयी सुनेच्या खांद्यावर भार टाकून उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

ओयीने, म्हणजे हमरोबीबीने, सारा जन्म बालवाडीच्या स्वयंपाकघरात काढला होता. स्वयंपाक आटोपला की तिथली जमीनही तीच पुसायची, गुडघ्यांवर बसून. तिने भिंतीला टेकवलेले नमुने एकेक करून पाहिले.

"ही गुळगुळीत टाइल स्वयंपाकघरात? तेल सांडलं की ही बाई उताणी. खरखरीत आण."

सुनेने हसू दाबलं.

"पोरांच्या खोलीत फळ्याच ठेव. ती मुततात, तुझं ते लॅमिनेट फुगेल. फळीला काय, रंग मारला की नवी. बैठकीत घाल काय चकचकीत घालायचं ते. पाहुण्यांना दाखव."

"दाखवीन की," इल्होमही हसला. "आणि तुझ्या खोलीत?"

"दगडी फरशी. आणि मोरी राहील."

त्याचं हसू गेलं. "बाथरूम बांधलंय ना आपण, ओयी?"

"अंगणापलीकडे. वजूला कोण जाणार तेवढं?"

कित्येक दिवस ती नमाजाआधी पलंगावर पडूनच ओल्या फडक्याने तोंड पुसत होती. हे उस्तोंखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी आणून देईन पाणी. पाचही वेळा."

"कामावर जाशील तू."

"नाही जाणार."

त्याचा आवाज चढला होता. सून खाली पाहू लागली. मुनीसाला वाटलं, आता आपण बोललं पाहिजे. पण तिच्याआधी ओयीच बोलली, अगदी हळू.

"इल्होम, शराफतची चादर मी धरली होती रे. हात भरून आले माझे. वारा ऐकेना."

अंगणात कुणाची तरी कोंबडी ओरडत होती.

"पाणी ओत गं," ओयी मुनीसाला म्हणाली. "जातंय का बघू."

मुनीसाने तांब्याभर पाणी ओतलं. ते दगडावर पसरलं आणि तसंच राहिलं. मोरी तुंबली होती. उस्तो उठू लागले, तसा इल्होमने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाही वर सारून तो गुडघ्यांवर बसला आणि भोकात हात घातला. काळा गाळ निघाला, जर्दाळूच्या बिया निघाल्या, पुन्हा गाळ. कोपरापर्यंत हात घालून, तोंड भिंतीकडे करून तो काढत राहिला. शेवटी पाणी घोट घेतल्यासारखा आवाज करत खाली गेलं.

तो तसाच बसून होता. हात धुवायलाही उठला नाही.

"उस्तो," तो म्हणाला, "फरशी बसवताना उतार इकडे ठेवा."

"बरं."

ओयी सुनेला धरून वळली होती. दारात ती थांबली.

"फार नको हं उतार," ती म्हणाली. "तुम्ही घसराल."