मागची डावी सीट

भागचंदजी गेल्याला महिना झाला असेल नसेल, तोच त्यांची ती काळी परदेशी गाडी मागच्या डाव्या अंगाने बसायला लागली. सकाळी चारी चाकांवर सरळ उभी असायची. दुपार कलली की उभ्या उभ्या तो कोपरा सावकाश खाली यायचा, एखादं जड माणूस दार न उघडता आत येऊन टेकावं तसा.

मुलगा जिनेंद्र बियाण्यांचा धंदा सांभाळणारा, त्याला असल्या गोष्टींना वेळ नव्हता. त्याने जुन्या जालन्यातून शिवशंकर मिस्त्रीला बोलावलं. या गाड्यांना स्प्रिंगा नसतात, हवेचे फुगे असतात, वय झालं की रबर तडकतं, सगळ्यांचं हेच दुखणं, असं त्याने समजावलं. फुगा बदलला. आठवडाभर गाडी ताठ राहिली, मग पुन्हा टेकली. मग हवा भरणारा कंप्रेसर बदलला, मग सेन्सर. एकेका सामानाला नवी मोटारसायकल यावी एवढा खर्च.

"पप्पांनी गाडी न्हाई, हत्ती पाळला," जिनेंद्र म्हणायचा. "चारा वेगळा, वैद्य वेगळा."

शेवटच्या खेपेला शिवशंकरने सगळ्या नळ्यांना साबणाचा फेस लावून पाहिला. एक बुडबुडा आला नाही. त्याने हात पुसले आणि ओट्यावर बसलेल्या जिनेंद्रच्या आईला, संतोषबाईंना, हळूच सांगितलं, "काकू, हवा कुठंच जाऊन न्हाई राह्यली."

"मंग खाली कशी येती?"

"वजनानं येती," तो म्हणाला, आणि मजुरी न घेताच गेला.

वजन कुणाचं, हे संतोषबाईंना ठाऊक होतं.

त्यांच्या जैन घरात रोज सकाळी नियम घ्यायची रीत. आज किती पदार्थ खायचे, किती वाहनांत बसायचं, ते ठरवायचं, आणि संध्याकाळी तो नियम पारायचा, म्हणजे मोकळा करायचा. त्या दिवशी भागचंदजींनी एकाच वाहनाचा नियम घेतला होता. हसनाबादहून परतताना गाडी तापून बंद पडली आणि त्यांच्या छातीत कळ आली. ओळखीच्या माणसाची जीप मागून आली होती, तो हाताला धरून उठवत होता. "आज एकच वाहन," म्हणून ते मागच्या डाव्या सीटवर तसेच बसून राहिले. आजारपणात नियमाला सूट असते, हे त्या घटकेला त्यांना आठवलं नाही. इंजिन निवून गाडी चालू झाली, ड्रायव्हर पुंजाराम घाईने घरी घेऊन आला, तेव्हा शेटजी गार पडले होते. नियम पारायचा राहून गेला.

आत्मा वाटेत थांबत नाही, क्षणात दुसरा जन्म घेतो, हे संतोषबाईंना लहानपणापासून पाठ होतं. पण जीव एखाद्या वस्तूत अडकला तर तो व्यंतर होऊन त्या वस्तूपाशीच घोटाळतो, हेही त्यांनी व्याख्यानात ऐकलं होतं. आणि आता जिनेंद्रने गाडी भोकरदनच्या काकासाहेबांना विकायला काढली होती. गाडी गेली तर गाडीबरोबर भागचंदजीही परक्याच्या दारात जाणार होते.

गिऱ्हाईक यायच्या दिवशीही दुपार कलली आणि कोपरा खाली आला. जिनेंद्र पाहुण्यांना आणायला गेला होता. पुंजाराम काचा पुसत होता, त्याला संतोषबाईंनी फाटकावर पाठवलं. मग उजवं दार उघडून त्या मागे बसल्या. एसी कधीचा बंद, तरी आत माघासारखी थंडी होती. डावीकडची सीट मात्र हाताला ऊबदार लागली.

हात आवरून घेऊन त्यांनी डोळे मिटले. नवकार मंत्र म्हटला. भागचंदजींच्या वतीने नियम पारला. दुसऱ्याचा नियम आपल्याला पारता येतो का, हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

"अहो, झाला तुमचा नियम पुरा," त्या म्हणाल्या. "घर आलंय. उतरा आता."

बराच वेळ काही झालं नाही. मग डावीकडून बारीक सुर्र आवाज आला आणि टक. ही दारं अर्धवट लोटली की आपली आपण ओढली जाऊन बंद होतात; कुणी उतरल्यावर व्हावं तसं डावं दार बंद झालं होतं. संतोषबाईंनी डोळे उघडले नाहीत. त्यांच्याखालची गाडी हळूहळू वर उचलली जात होती.

काकासाहेब आले तेव्हा ती पाटासारखी सरळ उभी होती. त्यांनी फेरी मारली, आत बसून पाहिलं, म्हणाले, "वय झालंय, पण चाल अजून नवरदेवाची हाय." तासाभरात गाडी फाटकाबाहेर पडली. जिनेंद्रही त्यांच्याबरोबर गेला.

संतोषबाईंना हलकं वाटलं. उन्हं उतरली होती. त्या घरात शिरल्या, तरी पुंजाराम घराचं दार धरून तसाच उभा राहिला. बाजूला सरून, मान खाली घालून. थोड्या वेळाने त्याने दार लोटलं.

"काय रे?"

"काही न्हाई, बाई. सवय," तो म्हणाला, पण त्याने वर पाहिलं नाही.

तेव्हा संतोषबाईंच्या लक्षात आलं. उतरा म्हणाल्या होत्या त्या, पुढे कुठे जायचं ते सांगितलं नव्हतं. आता सांगायला हवं होतं, ओठांवर आलंही होतं. त्या दिवाणखान्यात उभ्या राहिल्या आणि ते त्यांनी गिळलं.

सूर्य बुडाला की तोंडात पाणीही घालायचं नाही, हा दोघांचा जुना नियम. त्यांनी उकळून गार केलेलं पाणी दोन पेल्यांत ओतलं आणि एक समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवला.

"जल्दी प्या," त्या हळू म्हणाल्या. "दिवस बुडून राह्यला."