अळवात रुतलेलं घर

सरोजकाकूंनी गाडी घरी आणली. स्वतः चालवत! आणि छोटी कार नव्हे हां, ती मोठी पांढरी, जिच्यात पलंग आहे, गॅस आहे, संडास आहे, छपरावर सोलर आहे, ती. सीलाईनच्या समुद्रकाठच्या वाळूतून थेट दोह्यातल्या अबू हमूरच्या कंपाउंडात! पण असं एका दमात सांगून टाकण्यात काय मजा? सगळं ऐका, कारण दुपारी साडेतीनला ती गाडी हातातून गेल्यातच जमा होती.

तर राजाभाऊ, म्हणजे काकूंचे मिस्टर, मेसईदच्या प्लांटवर इंजिनियर. थंडी पडली की इथला अर्धा देश तंबू घेऊन वाळवंटात जाऊन बसतो, तसं राजाभाऊंच्या ऑफिसातल्या एका कतरी साहेबांचा समुद्राकाठी कॅम्प असतो. साहेब म्हणाले, माझ्या कॅम्पच्या कडेला तुमची गाडी लावा, सीझनभर राहा. प्लांट तिथून वीस मिनिटांवर. झालं! नोव्हेंबरात दोघं गेली ती एप्रिल संपत आला तरी तिथेच. मुलगा गंधार एकटा घरी, मॅगीवर.

पण काकूंचं त्या गाडीत काय अडकलं होतं ते समजून घ्या. बावीस वर्षांत काकूंनी दोह्यात सात घरं बदलली, आणि सातही कंपनीची. पडद्याला खिळा मारायचा तरी परवानगी. भिंतीचा रंग पांढरा म्हणजे पांढराच. ही गाडी मात्र रिकामा डबा होती तेव्हापासून काकूंची. कपाटं कुठे, सिंक केवढं, खिडकी किती उंचीवर, सगळं त्यांनी मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून करून घेतलेलं. भांडी घासताना समुद्र दिसला पाहिजे, हे तर त्यांनी वहीत लिहून दिलं होतं. आणि दिसायचा!

आणि मार्चमध्ये राजाभाऊ सोलरवरची धूळ पुसायला शिडीवर चढले आणि धाडकन खाली. उजवा पाय प्लास्टरात, गुडघ्यापर्यंत. पडल्यापासून माणूस चिडचिडा झाला. म्हणाले, "पुरे झालं हे वेड. विकून टाकू." बिरकत अल अवामेरला गॅरेज चालवणाऱ्या इरशादला फोनही करून मोकळे. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या त्या अशा बोलल्या की राजाभाऊंनी शेवटी तोड काढली. सीझनच्या शेवटच्या दिवशी सूर्य मावळायच्या आत जागा रिकामी करायचीच आहे. त्या दिवशी गंधारने चारपर्यंत गाडी वाळूबाहेर काढली तर ती घरी. नाही निघाली तर इरशाद क्रेन लावून घेऊन जाणार. खलास!

म्हणजे कळलं ना? चार वाजेपर्यंतचा खेळ.

साहेबांचा कॅम्प दोन दिवस आधीच उठला होता. शेवटच्या दिवशी काकू पहाटेपासून आवरत होत्या. बरण्यांना रबर, ताटांमध्ये टॉवेल, देवघर गोधडीत गुंडाळून पलंगाखाली. इरशाद तीनलाच आला, हातात मीटरचा टेप. येऊन सरळ गाडीची लांबी मोजायला लागला, तर काकू दारात आडव्या.

"अभी चार नहीं बजे, इरशादभाई."

"भाभी, मैं तो ऐसे ही नाप रहा था."

"ऐसे ही चाय पियो. नापो मत."

गंधार गाडीत बसला, चावी फिरवली, गिअर टाकला, आणि दिली रेस. गाडीने नुसती कंबर हलवली. अजून रेस. मागून काळा चिखल असा उडाला की इरशादच्या पांढऱ्या शर्टावर नक्षीच! आणि मागचं डावं चाक, बाकीची तीन जागच्या जागी असताना, ते एकटं निम्म्यापर्यंत खाली.

"चिखल?" राजाभाऊ खुर्चीतून ओरडले. "वाळवंटात चिखल कुठून आला?"

गंधार उतरून मागे गेला आणि तिथेच खो खो हसत बसला. "बाबा, यू हॅव टू सी धिस."

राजाभाऊ कुबड्या टेकत गेले. बघतात तर चाकाला चिकटून काकूंचा अळू. हो, अळू! काकू गुहागरच्या. त्यांच्याकडे मोरीचं पाणी बाहेर सोडायचं म्हणजे पाइपच्या तोंडाशी अळू लावायचाच, हा हिशोब हाताला इतका बसलेला की गाडी उभी राहिली त्याच आठवड्यात काकूंनी सिंकचा पाइप मागच्या चाकाजवळ काढला, मातीच्या दोन गोण्या ओतल्या आणि कंद लावले. पाच महिने! रोजचं तांदूळ धुतलेलं, भांड्यांचं, सगळं पाणी तिथे. पानं झाली परातीएवढी. कतरी साहेबांची आई येऊन फोटो काढून गेली होती. पण समुद्राकाठची ती जमीन वरून पापडासारखी कडक आणि खाली खारा गाळ. पाच महिने पाणी मुरल्यावर ती चाक कसं पेलणार?

राजाभाऊंनी एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा काकूंकडे.

"सरोज, तू पाच महिने चाकाला पाणी घातलंस?"

"चाकाला नाही. अळवाला."

"अगं, चाक उगवलं असतं एखादं!"

"फदफदं मिटक्या मारत खाल्लंत तेव्हा नाही विचारलंत पाणी कुठून येतं ते," काकू म्हणाल्या. पण राजाभाऊंकडे न बघता. कारण चूक त्यांची होती, शंभर टक्के त्यांचीच, आणि घड्याळात तीन वीस. आपल्या हाताने आपलं घर बुडवलं!

गंधारने अजून दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा नुसता पाय दाबला, दोन्ही वेळा चाक अजून खाली. इंजिनातून जळका वास. इरशादने खिशातून फोन काढला. "साब, क्रेनवाले को बोल दूँ?"

राजाभाऊ मान हलवणार, एवढ्यात काकूंना काय दिसलं सांगू? त्यांना त्यांची खिडकी दिसली. म्हणजे बाहेरून. भांडी घासायची खिडकी. आणि त्यातून पाच महिने दर शुक्रवारी त्यांनी काय पाहिलं होतं? पोरं येतात, मोठमोठ्या गाड्या, वाळूत रुततात, दणादण रेस देतात, अजून रुततात. मग कॅम्पवाले कतरी साहेब चहाचा कप खाली ठेवून उठतात. चाकांची हवा सोडतात. चाकासमोरची वाळू हाताने काढतात, खाली काहीतरी घालतात. आणि मग गाडी अशी हळू काढतात की बघणाऱ्याला वाटावं ती रुतलीच नव्हती. काकूंनी हे पंचवीस वेळा तरी पाहिलं असेल. साबणाचे हात तसेच ठेवून!

"गंधार," त्या म्हणाल्या, "उतर."

"आई, सीरियसली?"

"उतर म्हटलं ना. चारही चाकांची हवा सोड. निम्मी. आणि इरशादभाई, वो फोन जेब में रखो, फावडा लो."

काकूंनी साडीचा पदर खोचला आणि पहिल्यांदा स्वतः अळू उपटला. सगळा. मग तिघांनी मिळून चाकाखालचा काळा गाळ उपसला. वास असा की विचारू नका. इरशाद बिचारा गाडी घ्यायला आलेला, गुडघ्यावर बसून तीच गाडी सोडवतोय! पण गाळ उपसल्यावर चाकाखाली घालायला काहीतरी टणक हवं. काकूंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि नजर जाऊन थांबली ती राजाभाऊंच्या अंगणावर.

अंगण म्हणजे दारासमोरचं फळ्यांचं. राजाभाऊंनी डिसेंबरभर एक एक फळी रंधून, पॉलिश मारून केलेलं. येणाऱ्या प्रत्येकाला बूट काढायला लावायचे.

"नाही हां," राजाभाऊ म्हणाले. त्यांना कळलंच. "सरोज, ते नाही."

"अहो, घरच गेलं तर अंगणावर बसून काय करणार?"

"सागवान आहे ते!"

"मग जास्त टिकेल."

राजाभाऊ परत खुर्चीत जाऊन बसले. समुद्राकडे बघत राहिले. मग खुर्चीतूनच हात लांब करून स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला. "मोडू नका निदान. स्क्रू काढून घ्या. कोपऱ्यातला उलटा आहे." बघा म्हणजे, चिडलेला माणूससुद्धा उलटा स्क्रू सांगतोच.

तीन एकावन्न. फळ्या चाकांसमोर अंथरल्या. काकू चढल्या आणि स्टिअरिंगवर बसल्या.

आता ह्या काकूंनी लायसन्स कसं काढलं ठाऊक आहे? चौथ्या खेपेला. तीनदा नापास, तिन्ही वेळा राजाभाऊ म्हणाले होते, राहू दे आता. त्यानंतर सहा वर्षं त्या छोटी कार घेऊन मॉल आणि मंडई, मंडई आणि मॉल. ही गाडी त्यांच्या लायसन्सवर बसते हे गंधारने तपासून ठेवलं होतं, पण बसते आणि चालवता येते ह्यात फरक आहे की नाही? पाय पोचेना म्हणून पाठीशी लोड घेतला. पलंगावरचाच. गुहागर, दोहा, सात घरं, सगळे देव, सगळं आठवून झालं. मग त्यांनी आठवणं बंद केलं आणि फक्त कतरी साहेबांचा पाय आठवला. कसा दाबत नाही तो. नुसता ठेवतो.

सेकंड गिअर. क्लच अगदी मुंगीच्या पावलाने.

गाडी थरथरली. हलेना. काकूंनी रेस वाढवली नाही. स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, साहेब करतात तसं. मागून गंधार आणि इरशाद ढकलतायत. "यल्ला भाभी, यल्ला!" आणि फळी करकरली, मोठ्याने, राजाभाऊंनी डोळेच मिटले, आणि ते चाक, ते पाच महिने पाणी प्यालेलं चाक, आळस दिल्यासारखं वर आलं!

"थांबवू नको!" राजाभाऊ कुबडी हवेत फिरवत ओरडले. "सरोज, थांबवू नको! चालव! मी येतो मागून!"

आणि काकूंनी थांबवलीच नाही! वाळूवरून डुलत, भांडी आत खणखणतायत, बरण्या बोंबलतायत, सरळ किलोमीटरभर, डांबरी लागेपर्यंत. डांबरीवर उभी केली, ब्रेक ओढला, घड्याळ पाहिलं. तीन अठ्ठावन्न. मग काकूंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि एकट्याच मोठ्याने हसल्या.

इरशादच्या पिकअपमधून बाकीचे आले. इरशाद चिखलाने माखलेला, सौदा हातचा गेलेला, पण टाळ्या वाजवत उतरला. "भाभी, मेरे गॅरेज में ड्रायव्हर की जगह खाली है."

"मेरे पास गाड़ी है, इरशादभाई," काकू म्हणाल्या. "शुक्रन."

वाळूच्या तोंडाशी हवावाल्यांची रांग असते, तिथे हवा भरली. गंधार ड्रायव्हरच्या दाराशी आला. "आई, आता हायवे आहे. मी घेतो."

काकूंनी काच वर केली. बस्स, एवढंच उत्तर!

गंधार मुकाट्याने सकाळी तिथेच लावून ठेवलेल्या आपल्या कारमधून मागे. राजाभाऊ शेजारच्या सीटवर, प्लास्टरचा पाय पुढे ताणून, आणि मेसईद रोडवर अख्खा वेळ त्या प्लास्टरने ब्रेक दाबतायत. वाकरा येईपर्यंत त्यांनी अकरा वेळा "हळू" म्हटलं आणि गाडी ऐंशीच्या वर एकदाही गेली नव्हती. ट्रेलर शेजारून गेला की सगळं घर हलायचं, काकू स्टिअरिंग घट्ट धरायच्या आणि पुढेच बघायच्या. थुमामाजवळच्या राउंडअबाउटला चारही बाजूंनी गाड्या, हॉर्न, एक लँड क्रूझर तर नाकालाच येऊन उभी. राजाभाऊ म्हणतात थांब, थांब, थांब. काकूंनी मोकळी जागा दिसली तशी गाडी घातली आणि एवढं मोठं ते धूड गोल फिरवून बरोबर लेनमध्ये बाहेर काढलं.

राजाभाऊंनी आरशातून मागचा राउंडअबाउट पाहिला. मग म्हणाले, "मी असतो तर थांबलो असतो."

"माहीत आहे मला."

"मागे मोठी लाइन लागली असती."

"तेही माहीत आहे."

"बरी घेतलीस," राजाभाऊ म्हणाले. सव्वीस वर्षांच्या संसारात काकूंच्या ड्रायव्हिंगबद्दल त्यांचं असं हे पहिलंच वाक्य! त्यानंतर त्यांनी प्लास्टरचा पाय मागे घेतला आणि सीटला टेकून बसले.

अबू हमूरला पोचेस्तोवर ऊन उतरलं होतं. गंधारने वाटेतूनच ग्रुपवर टाकलं असणार, कारण कंपाउंडात अर्धी वस्ती बाहेर. समोरच्या मृणालिनीवहिनी ताट घेऊनच उभ्या, ओवाळायला. वॉचमनने गेटचे दोन्ही दरवाजे उघडले तरी दोन्ही बाजूंना वीतभर जागा. काकूंनी आरसे मिटवले आणि आत आल्या, एक ओरखडा नाही! पोरं ओरडतायत, आंटी, आंटी!

आता राहिलं रिव्हर्स. व्हिला आणि भिंतीच्या मधली ती चिंचोळी जागा, तिथे राजाभाऊसुद्धा दरवेळी तीन तीनदा पुढे-मागे करायचे.

राजाभाऊ खाली उतरले, कुबड्यांवर मागे, जरा बाजूला जाऊन उभे राहिले आणि सगळ्या कंपाउंडासमोर एक कुबडी बगलेत धरून हात हलवायला लागले. "येऊ दे! येऊ दे! डावीकडे थोडी. येऊ दे, सरोज, येऊ दे!" आवाज असा की मेसईदला ऐकू जावा.

गाडी एका दमात, सरळ, मागे मागे आली.

"बस्स!" राजाभाऊ ओरडले. "बस्स, बस्स, भिंत आली!"

काकूंनी आरशात पाहिलं. भिंत दीड फूट लांब होती. त्यांनी गाडी अजून एक फूट मागे घेतली, तिथे ब्रेक ओढला आणि चावी काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली.