रिकाम्या खोलीतलं शिखर

डिटेक्टर नवा होता आणि तो किती खरा ते ठरवायचं काम अवंतिकाकडे होतं. दसऱ्याची सुटी संपून कॉलेजची प्रयोगशाळा उघडली, त्या सकाळी तिने सगळे किरणोत्सारी स्रोत शिशाच्या पेटीत बंद केले आणि डिटेक्टरला रिकाम्या खोलीचं माप घ्यायला लावलं. पडद्यावर नुसती खडबडीत रेघ यायला हवी होती. तासाभरात त्या रेघेत सीझियम या किरणोत्सारी धातूचं शिखर उभं राहिलं.

डिटेक्टरला दोष देण्याआधी तिने पेटीच व्हरांड्यात नेऊन ठेवली. शिखर हललं नाही. प्रयोगशाळेचे जुने सहायक संभाजीराव चहा घेऊन आत आले, तेव्हा मात्र शिखर भराभर वाढू लागलं.

"काका, तिथेच थांबा. सीझियमच्या चकतीला हात लावला होतात?"

"हात? अहो, खंडेनवमीला पूजा केली. पितळ पार काळं पडलेलं. चिंच लावून असं रगडलं, सोन्यागत चमकलं. तुम्ही लोक तर आपल्या हत्यारांना कधी पाणीसुद्धा दाखवत नाही."

अवंतिकाने हातमोजे चढवून पेटी उघडली. चकतीच्या तोंडावर कागदाहून पातळ पापुद्रा असायचा. आतली भुकटी तेवढ्यानेच अडलेली होती. पापुद्रा जागेवर नव्हता.

"पुसलीत कशाने?"

"मखमलीचा तुकडा होता, लाल." त्यांचा आवाज उतरला. "घरी नेला. उन्नतीने बाहुलीला साडी केली त्याची. दस दिन हो गए, मॅडम."

उन्नती त्यांची नात, चार वर्षांची.

अवंतिकाने विकिरण सुरक्षा अधिकाऱ्यांना फोन केला. त्यांना यायला दुपार होणार होती. हातात धरायचा छोटा किरणोत्सार-मापक घेऊन ती संभाजीरावांबरोबर शिंदे की छावनीतल्या त्यांच्या घरी पोहोचली.

बाहुलीच्या साडीचा पदर चघळून चोथा झालेला होता. अवंतिकाने बाहुली पिशवीत बांधून गच्चीवर ठेवली, पोरीचे कपडे उतरवायला लावले. मापक छातीजवळ धरला. मिनिटाला नऊशे ठोके; एरवी पन्नासही नसतात.

संभाजीरावांच्या पत्नी लीलाताईंनी नातीला साबण लावून आंघोळ घातली. चारशे.

"उतरलं की!" त्या म्हणाल्या. "अजून एकदा घालते, सगळं जाईल बघ."

दुसऱ्या आंघोळीनंतरही चारशेच. अवंतिकाने मापक तीनदा धरून पाहिला. धुऊन जाणारं गेलं होतं. उरलेलं कातडीवर नव्हतं.

संभाजीराव तिसरी बादली भरत होते.

"काका, नको," ती म्हणाली. "हॉस्पिटलमध्ये चला."

त्यांनी नळ बंद केला नाही.