एक जूनच्या दोन झुंबरबाई

दूध संघाच्या आरोग्य योजनेचं नवं वर्ष एक एप्रिलला सुरू व्हायचं होतं. त्याआधी वीस हजार सभासदांची नावं नव्या प्रणालीत घ्यायची होती आणि दोनदा आलेली काढायची होती. काम रुचिता मगदूमकडं होतं. दोनदा आलेली नावं अठ्ठावन्न निघाली. विश्वजित साहेबांनी बजावलं होतं, "काढायच्या आधी प्रत्येकाला फोन लावा. खेड्यात एका नावाची दोन माणसं असतात."

रुचितानं बारा जणांना फोन लावला. बाराही नावं खरंच चुकून दोनदा आलेली होती. मुदत संपत आलेली. उरलेलीही तसलीच असणार असं धरून तिनं सगळी उडवली आणि अठ्ठावन्न नावांपुढं 'फोन केला' असं लिहून मोकळी झाली.

आठ एप्रिलला कोडोलीहून एक बाई कार्ड घेऊन आली. नाव संयोगिता पाटील.

"मॅडम, सासूबाईंच्या पायाला जखम हाय, साखर वाढलीया. चार तारखेला दवाखान्यात गेलतो. नावच न्हाय म्हणाले, परत धाडलं."

रुचितानं कार्ड पाहिलं. झुंबरबाई गणपतराव पाटील, जन्म एक जून एकोणीसशे पंचावन्न. काढलेल्या यादीत हे नाव होतं. खरी तारीख माहीत नसली की सगळ्यांना एक जून लावायचे. तिच्या स्वतःच्या आज्जीचीही तीच होती.

"ह्या नावाचं गावात आणखी कोण आहे?"

"हाय की. वरच्या गल्लीतल्या. त्येंच्या मालकांचं नावबी गणपतरावच."

दहा मिनिटांत नाव पूर्ववत झालं. दुसऱ्या दिवशी झुंबरबाई दाखल झाल्या आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. चार तारखेलाच दाखल करून घेतलं असतं तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले.

विश्वजित साहेबांनी यादी उघडली. "तुम्ही तर फोन केलाय. मग त्यांनीच काहीतरी चुकीचं सांगितलं असणार. तसं घरच्यांना कळवलंय मी."

रुचिता "हो" म्हणाली. त्या 'हो'नंतर तिला डबा उघडवेना. चौथ्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून ती दवाखान्यात गेली.

झुंबरबाई खाटेवर उशाला टेकून बसल्या होत्या. संघातून आलीय म्हटल्यावर त्यांनीच जागा करून दिली.

"बस की बाई. तुमी तर फोन केलता म्हणं. माझा ल्योक असाच हाय बघ. फोन त्येच्यापाशी असतोय, न बघताच व्हय व्हय म्हणतोय. चार दिस झाले, त्येला बोलतोय मी."

"आज्जी, फोन आलाच नव्हता," रुचिता म्हणाली. "मी लावलाच नाही. लावला म्हणून खोटं लिहिलं."

संयोगिता डाळिंब सोलायची थांबली. झुंबरबाईंनी आपल्या बांधलेल्या पायावर पांघरूण ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "मला कशाला सांगतीस? माझी बोटं काय परत येत न्हाईत. बाहेर बाकड्यावर बसलाय त्यो. त्येला सांग."

बाकड्यावर पंचेचाळिशीचा माणूस गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता. रुचितानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तो शिव्या देईल असं तिला वाटलं, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "म्हंजे माझ्याकडनं न्हाय झालं?"

"नाही. माझ्याकडून झालं."

त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि तिच्याकडं न बघता आईकडं गेला.

ऑफिसात येऊन रुचितानं साहेबांना खरं लिहून दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. "चौकशी होईल. तोवर हे काम दुसऱ्याकडं देतो."

"द्या. आजचा दिवस मात्र मला फोन लावू द्या."

संध्याकाळपर्यंत तिनं उरलेली पंचेचाळीस नावं एकेक करून विचारली. चव्वेचाळीस बरोबर काढली होती. पंचेचाळिसावा फोन नेसरीला शालूबाई देसाईंना लागला. गावात त्याच नावाच्या त्यांच्या चुलतजाऊ होत्या, आणि दोघींचीही जन्मतारीख एक जूनच.

"तब्येत बरी आहे ना तुमची?" रुचितानं विचारलं.

"ठणठणीत हाय की. का वो, काय झालंय?"

रुचितानं काय झालंय ते सगळं सांगितलं, आणि फोन चालू असतानाच त्यांचं नाव पुन्हा यादीत घेतलं.